तेरा आठे

भिंतीला भोक पाडायला नदाफ ड्रिल मशीन घेऊन आला, तेव्हा शालन सुतार उंबऱ्यातच आडवी उभी राहिली.

“कशाला पायजे ती वायर? वायफाय हाय की घरात. पोरगी चाकणातनं दिसती, मालिका दिसत्यात, बँकेचं काम हुतंय. अजून काय दळाण दळायचंय एवढ्या वेगानं?”

नदाफ निम्म्या विटा गावाला इंटरनेट पुरवायचा. स्वतःच्या धंद्याचं नुकसान होईल इतकं खरं बोलायची त्याला खोड होती. “काकी, सिनेमाच बघायचा असंल तर नका घेऊ. आपल्या गल्लीत चौघांनी हौसेनं घेतली. आता म्हणत्यात, पैलवान आणून बालवाडीत बसवल्यागत झालंय. ताकद हाय, पण काम न्हाई.”

“मग मला कशाला गळ्यात घालतोस?”

“तुमच्या ऋतुजानं सिनेमासाठी न्हाई सांगितली. काकांसाठी सांगितलीय.”

आतल्या खोलीतून आवाज आला, “बगा.”

शालन बाजूला झाली. नदाफनं चप्पल काढली.

शालनचे यजमान हिंदुराव सुतार हे पंचक्रोशीतल्या कुस्तीच्या मैदानांचं निवेदन करायचे. एरवी पेठेत वह्या-पेनांचं दुकान. पण यात्रेत माइक हातात आला, की मागे उभं राहून काहीच न दिसणाऱ्या माणसालाही त्यांच्या बोलण्यातून डाव दिसायचा. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात लुळा पडला तो हळूहळू सुधारला. वाचा मात्र गेली ती गेली. समजत सगळं होतं. दुकानातली चुकीची मोड ते डाव्या हाताच्या बोटानं बाजूला सारत. बोलायला तोंड उघडलं की मात्र एकच शब्द बाहेर पडे, “बगा.” पाणी हवं तरी बगा, राग आला तरी बगा.

शालननं त्यावर आपल्या परीनं तोड काढली होती. ते ‘ब’ म्हणायच्या आत ती त्यांचं वाक्य पुरं करी. “पाणी? पंखा? दुकानाची किल्ली? कळलं, किल्ली.” दहातले आठ अंदाज बरोबर येत. उरलेल्या दोन वेळा हिंदुराव भिंतीकडे तोंड करून पडत.

अशा आजारात भाषेचा कारखाना बंद पडतो, पण त्याच्या आवारातल्या काही वाटा चालू राहतात. वाक्य जुळवायचं काम बहुतेकांच्या मेंदूचा डावा भाग करतो. लहानपणी घोकून घोकून जिभेवर बसलेल्या गोष्टींना मात्र तेवढी जुळवाजुळव लागत नाही; वार, महिने, आरत्या, पाढे यांना मेंदूत आणखीही रस्ते असतात. स्वतःचं नाव न सांगू शकणारा माणूस कधीकधी आख्खी आरती म्हणून जातो, तो यामुळे. एकट्याला जे सुरू करता येत नाही, ते दुसऱ्याच्या तोंडाबरोबर तोंड हलवलं की पुष्कळदा सुरू होतं. नागपूरच्या एका वाचा-उपचार केंद्रानं यावरच ‘सहोच्चार’ नावाची पद्धत बसवली होती. उपचार करणारी व्यक्ती आणि रुग्ण यांनी एकाच वेळी, एकाच श्वासात बोलायचं. यंत्राचा आवाजही त्यांनी वापरून पाहिला होता. रुग्ण त्याच्यामागून फरपटत जात; पण सोबतचा माणूस जसा किंचित रेंगाळतो, समोरच्याच्या ओठाचा अंदाज घेतो, तसं यंत्राला नीट साधत नव्हतं.

ऋतुजानं खटपट करून बाबांचा नंबर तिथे लावला होता. मृदुला गजभिये नावाच्या तिशीतल्या बाई त्यांना शिकवणार होत्या. नदाफ यायच्या आधी मोबाइलवरून एकदा करूनही पाहिलं होतं. त्याची आठवण शालननं आताही काढली.

“ते करून बघितलं की आपण. बाई म्हणाल्या ‘बे’, मग ह्यांनी म्हणायचं, मग बाई थांबल्या, मग हे थांबले. दोघंबी एकमेकांची वाट बघत बसली. लग्नात आधी कोण जेवायचं, तसं.”

“त्ये वाट बघणंच तर ह्या वायरीनं जातंय म्हणत्यात,” नदाफ म्हणाला आणि त्यानं ड्रिल चालू केलं.

केंद्राकडून पडद्याची एक मोठी चौकट आली. ती हिंदुरावांच्या खुर्चीसमोर बसवली. तिच्यात गजभियेबाईंचा चेहरा खऱ्या मापाचा दिसे. ओठांच्या कडेची बारीक हालचालसुद्धा सुटत नसे. गळ्याशी बांधायला एक मऊ पट्टी होती. शब्द फुटायच्या आधी कंठात होणारा थरार ती टिपायची.

“बाई, मला एक सांगा,” पहिल्याच दिवशी शालननं विचारलं. “पाढेच म्हणायचेत, तर एवढा वेग कशाला?”

“काकू, साडी पार्सल करायची तर आधी घडी घालावी लागते ना? आणि तिकडच्या माणसाला ती उलगडावी लागते. त्यात वेळ जाते. साध्या लाइनीचा रस्ता अरुंद, म्हणून चित्राची, आवाजाची घडी घालूनच पाठवतात. ही लाइन इतकी रुंद आहे की घडी घालायचीच गरज नाही. दांडीवरची साडी तशीच सरकवायची. हा वेग जास्त माल न्यायला नाही, घडीचा वेळ वाचवायला आहे.”

“आन् वायफाय?”

“तिथे घरातली सगळी यंत्रं हवेत एकमेकांना विचारत बसतात, आता मी बोलू का, आता तू बोल. तारेत तसं नाही.”

हिशेब असा होता. दोन माणसं एका लयीत बोलतात तेव्हा प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकून स्वतःला सावरत असतो. मध्ये थोडा उशीर आला की पहिला जरा थांबतो, ते ऐकून दुसरा आणखी थांबतो, आणि लय घसरत घसरत बंद पडते. उशीर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत असेल तर सहसा कुणाला जाणवत नाही. त्या काचेच्या तारेतून निरोप नेणारा प्रकाश विट्याहून नागपूरला याहून फार लवकर पोचतो. वेळ जातो तो दोन्ही टोकांना. घडी आणि हवेतली वाटाघाटी काढून टाकल्यावर जो उशीर उरला, तो एका मोठ्या खोलीच्या दोन टोकांना बसलेल्या माणसांमध्ये आवाजाला जेवढा लागतो तेवढाच होता.

“चला काका,” गजभियेबाई म्हणाल्या. “माझ्या तोंडाकडे बघा. माझ्या मागून नाही, माझ्या संगं.”

त्यांनी श्वास घेतला. हिंदुरावांनी घेतला. “बे एके बे,” बाई म्हणाल्या आणि त्याच वेळी खोलीत आणखी एक आवाज उमटला. खरखरीत, कडेला घसरणारा, पण शब्द स्पष्ट. “बे दुणे चार. बे त्रिक सहा.”

स्वयंपाकघरात शालनच्या हातातली परात ओट्यावर आदळली. दिवाळीनंतर नवऱ्याच्या तोंडून तिनं ‘बगा’शिवाय काही ऐकलं नव्हतं. ती दारात आली तेव्हा पाढा संपला होता आणि हिंदुरावांच्या डोळ्यांना धार लागली होती.

पुढचे काही आठवडे घरात पाढेच पाढे झाले. दोनाचा, तिनाचा, सातासारखा अवघड. शालनला आनंद होता, आणि त्या आनंदात एक खडा होता. नागपूरच्या परक्या बाईबरोबर हा माणूस घडाघडा बोलतो, आणि चौकट बंद झाली की आपल्यासाठी पुन्हा ‘बगा’.

तिनं स्वतः करून पाहिलं. खुर्ची ओढून समोर बसली. पण शालन सुतार ही मूळची अथणीची, कानडी शाळेत शिकलेली. मराठी ती लग्नानंतर बोलायला शिकली, पाढे मात्र आजही तिच्या डोक्यात कानडीतच चालत. मराठीत म्हणताना तिला प्रत्येक पायरीला मनातल्या मनात भाषांतर करावं लागे. आणि हिंदुराव जरा अडखळले की तिला राहवत नसे. “छत्तीस! छत्तीस म्हणा की!” हिंदुरावांचं तोंड मिटे.

मग चौकट चालू असताना ती स्वयंपाकघरातूनच मदत करू लागली.

“काकू, तुम्ही मधात बोलू नका ना,” गजभियेबाई म्हणत.

“न्हाई बोलत,” शालन म्हणे, आणि पुढच्या पायरीला बोले.

गाडी अडली ती तेराच्या पाढ्यावर. तेरा साते एक्क्याण्णव इथपर्यंत दोघं हातात हात घातल्यासारखी जात. ‘तेरा आठे’ म्हटलं की हिंदुराव घसरत. ओठ हलत, गळ्याची पट्टी थरथर दाखवी, पण बाईंच्या ‘एकशे चार’बरोबर त्यांचं काही जुळत नसे. आतून शालनचा आवाज येई, “एकशे चार! आवं, एकशे चार!” हिंदुराव डाव्या हातानं खुर्चीच्या दांडीवर मारून म्हणत, “बगा!”

“शंभराच्या वर जाणं जड जात असेल,” बाईंनी अंदाज केला. “काही रुग्णांची अशी एक हद्द असते.”

त्याच सुमाराला केंद्राचं पत्र आलं. रविवारी ऋतुजानं फोनवर आईला ते समजावून सांगितलं.

“आई, गजभिये मॅडमसारख्या मराठीतून शिकवणाऱ्या फार थोड्या आहेत. लातूरची एक मुलगी रांगेत आहे, अपघातात वाचा गेलीय तिची. आता सगळ्यांची तपासणी घेणारेत. बाबांनी ‘बगा’ सोडून निदान एक शब्द स्वतःहून म्हणायला पाहिजे. मॅडमच्या सोबतीनं म्हटलेला नाही, कुणी सुचवलेला नाही. कुणीही न दिलेला शब्द.”

“आन् न्हाई म्हटला तर?”

“तर मॅडमचा वेळ तिला देतील. आणि ते चूक आहे असं मला म्हणता येत नाही.”

“मग ही वायर?”

“राहील भिंतीत.”

“सिनेमा बघू म्हणावं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तपासणीच्या दिवशी तिनं हिंदुरावांना इस्त्रीचा सदरा घातला. गजभियेबाईंचा चेहरा आज जरा ताठ होता. सगळं रेकॉर्ड होऊन समितीकडे जाणार होतं.

“काकू, आज तुम्ही इथेच बसा. काकांच्या बाजूला. पण एक शब्द नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत. तुमच्याकडून काही गेलं तर तो शब्द मोजता येणार नाही.”

शालननं पदराचा बोळा करून तोंडाशी धरला.

बाईंनी चित्रं दाखवली. गाय. “बगा.” छत्री. “बगा.” कुस्तीच्या आखाड्याचा फोटो पाहून हिंदुराव कितीतरी वेळ नुसते बघत राहिले, तोंड उघडलं, मिटलं. “बगा,” ते हळूच म्हणाले. आखाडा, आखाडा, आखाडा, असं शालनच्या तोंडात घोळत होतं. तिनं बोळा दातांत धरला.

“ठीक आहे काका,” बाई म्हणाल्या. “आता पाढा. मी मधे सोडून देईन. पुढचं तुम्ही एकट्यानं म्हणायचं. तेराचा घेऊ. अडतो तिथेच बघू.”

दोन आवाज एकत्र निघाले. तेरा पाचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साते एक्क्याण्णव. “तेरा आठे…” म्हणून बाई गप्प झाल्या.

खोलीत कुणाचाच आवाज नव्हता. चौकटीतही नव्हता, बाईंनी श्वास रोखलेला दिसत होता. शालनला वाटलं आपणच ओरडू. हिंदुरावांच्या कपाळाची शीर फुगली.

“चा,” ते म्हणाले. “चारो… चारोदरसे.”

शालननं आशेनं चौकटीकडे पाहिलं. बाईंचा चेहरा उतरला होता.

“काका, पुन्हा म्हणा.”

“चारोदरसे.”

बाईंनी हलकेच मान हलवली. “काकू, आता बोललं तरी चालते. हे… ह्या आजारात असं होते. मेंदू आवाजाला आवाज जोडते आणि शब्दासारखं काही तयार होते. त्याला अर्थ नसतो. प्रयत्न चांगला आहे, पण समितीपुढे हा शब्द म्हणून धरता येणार नाही मला.”

हिंदुरावांनी दांडीवर जोरात हात मारला. मान वर करून, कुणाच्याही ओठांकडे न बघता, मैदानात बोलल्यासारखे ते पुढे निघाले.

“तेरा नव्वे… सतरोदरसे! तेरा दाहे… तीसासे!”

बाईंनी घाईनं काहीतरी टिपून घेतलं. शालन मात्र जागीच थिजली होती. तिला तेराचा पाढा मराठीत पाठ नव्हता. म्हणून, नेहमीप्रमाणे, तो तिच्या डोक्यात कानडीत चालला होता. नूर नाल्कु. नूर हदिनेळु. नूर मूवत्तु. शंभर चार, शंभर सतरा, शंभर तीस.

“बाई, थांबा,” ती म्हणाली. “चारोदर. सतरोदर. तीसासे. चार, सतरा, तीस. बघा तुम्ही. शंभराच्या वरचेच आकडे हायत ते. से म्हंजे शंभर. आकडे बरोबर हायत वं बाई, ते बोलायची तऱ्हा दुसरी हाय!”

गजभियेबाईंचं पेन थांबलं. “काका, तुम्हाला शाळेत असं शिकवलं होतं? एकशे चारला चारोदरसे?”

हिंदुरावांनी छातीवर डावा पंजा ठेवला. “बगा!” ते म्हणाले, आणि त्या एका ‘बगा’त सगळं होतं.

बाईंनी मागचे दिवस उघडले. चौकटीनं प्रत्येक आवाज वेगळा साठवला होता. मोबाइलवरची नेहमीची व्यवस्था मोठा आवाज धरते आणि बारीक आवाज गोंगाट समजून पुसते; इथे काहीच पुसलं गेलं नव्हतं. बाईंनी शालनचा आवाज बाजूला काढला, स्वतःचा काढला, आणि उरलेलं ऐकवलं.

“तेरा आठे… चा…”

दुसरा दिवस. “तेरा आठे… चारो…”

तिसरा. नुसता ‘च’, आणि त्यानंतर दांडीवरचा हात.

मग त्यांनी शालनचा आवाज पुन्हा लावला. दर वेळी ‘एकशे चार’ त्या ‘चा’च्या आधी सुरू होत होतं आणि त्याच्यावर पाय देऊन पुढे जात होतं. स्वयंपाकघरातून आलेलं, मायेनं ओथंबलेलं, खणखणीत एकशे चार.

शालननं ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा लावू नका म्हणाली.

“ते रोज सांगत हुते,” ती म्हणाली. “मीच मधी.”

“मी पण,” गजभियेबाई म्हणाल्या. “माझ्या पुस्तकात एकशे चारच होतं. मी काकांना माझ्या पाढ्यात ओढत होते.” मग त्या एकदम हसल्या. “पण काकू, एक लक्षात घ्या. नागपुरात हा शब्द मला येत नव्हता. तुमच्या घरात तुम्हाला येत नव्हता. म्हणजे ह्या लाइनीच्या दोन्ही टोकांना तो कुणालाच माहीत नव्हता. मग काकांना दिला कोणी?”

शालनला उमगायला क्षणभर लागला. मग तिनं पदरात तोंड घातलं.

“हा शब्द धरीन मी,” बाई म्हणाल्या. “समितीला भांडून सांगीन. पण खोटी आशा देत नाही. हा पाढ्यातला शब्द आहे, अजून बोलणं नाही. घोकलेल्याच्या बाहेर पाऊल पडलं पाहिजे. ते पडेल की नाही, कधी पडेल, मला माहीत नाही. आणि एक काम मला इथून करता येत नाही. मी पुढे न जाता संगं चालू शकते, पण फक्त आपल्या वेळात. बाकीचा दिवस काका तुमच्याजवळ असतात.”

“मला पाढे येत न्हाईत त्यांच्यातले.”

“तेच चांगलं आहे. येत नसले तर मधात कसं बोलाल?”

शालननं खुर्ची ओढली आणि नवऱ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. चौकट चालूच होती. “चौदाचा घिऊया,” ती म्हणाली. “मला शिकवा. चौदा एके?”

“चौदा,” दोघं म्हणाली. पहिल्यांदा नीट जुळलं नाही. पुढच्या पायरीला तिनं त्यांच्या ओठांकडे पाहिलं, स्वतःचा आवाज खाली घेतला, आणि त्यांचा आवाज वर आला. चौदा पाचे सत्तर. चौदा सक चौऱ्याऐंशी. चौदा साते अठ्ठ्याण्णव.

“चौदा आठे,” शालन म्हणाली. आकडा तिला येत होता, पण त्यांच्या तऱ्हेचा शब्द तिला खरंच माहीत नव्हता.

हिंदुरावांचे ओठ हलले. आवाज आला नाही. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. गल्लीतून कुणाची तरी गाडी गेली. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. “बारा…” शालनच्या ओठांवर आलं, “एकशे बा…”

हिंदुरावांनी डावा हात उचलला आणि तिच्या तोंडासमोर आडवा धरला. त्यांच्या डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या मागं काहीतरी मिश्कील होतं, मैदानातलं.

“दम,” ते म्हणाले. पुढचं जड गेलं. गळ्याशी दाटलं, सुटलं. “दम… धर.”

हे कुठल्याच पाढ्यात नव्हतं.

चौकटीत गजभियेबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शालनच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तिला खूप काही बोलायचं होतं, ऋतुजाला हाक मारायची होती, नदाफला सांगायचं होतं. ती बोलली नाही. तिनं दम धरला.